नाव बदललेली आत्या

बारावीला बरे मार्क असूनही मंजुश्रीने समाजशास्त्र घेतलं, तेव्हा उदगीरच्या त्यांच्या गल्लीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. लातूरला क्लास लावून डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांचा हा मुलूख. इथली एक धडधाकट पोरगी नांदेडला जाऊन बी.ए. करणार म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर नसणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. भांड्यांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक पातेल्यावर टिचकी मारता मारता तिच्या वडिलांना, मल्लिनाथअप्पांना विचारायचं, "पोरगी समाजशास्त्र शिकायली म्हनं? मग पुढं काय, समाजसेवा?" अप्पा हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन धुसफुसायचे. आईने तर एका स्थळाची पत्रिकाही मागवून ठेवली होती.

त्या वेळी मध्ये पडली ती आत्या. नीलाबाई, अप्पांची थोरली बहीण. एरवी घरात तिचा आवाज नसायचा. पण त्या दिवशी तिने पोळपाट बाजूला सारला आणि भावाला म्हणाली, "मल्लू, पोरीला जाऊ दे. मला कुनी ईचारलं न्हवतं, हिला तरी ईचार की." अप्पा तयार झाले. अक्काने आजवर काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं याची त्यांना सवय नव्हती.

नीलाबाईला मागायला तोंडच नव्हतं, असं तिला वाटे. अठराव्या वर्षी निलंग्याकडच्या एका गावात तिचं लग्न झालं आणि विसाव्या वर्षी तिचे वडील ईश्वरप्पा तिला बैलगाडीत घालून परत घेऊन आले. नवऱ्याने दुसरी बाई आणली होती. तिथून पुढची पंचवीस वर्षं ती भावाच्या घरी होती. भाकरी थापल्या, पापड लाटले, वडिलांचं आजारपण काढलं, मंजुश्रीला न्हाऊमाखू घातलं. नांदायला गेली आणि परत आली, एवढ्या दोन वाक्यांत घरच्यांनी तिचं लग्न गुंडाळून ठेवलं होतं.

पण एका गोष्टीत गल्ली तिला मानायची. लिंगायताच्या घरी मूल जन्मलं की जंगम स्वामी येऊन त्याच्या गळ्यात छोट्या डबीत घालून लिंग बांधतात, आणि ते शेवटपर्यंत अंगावरून उतरायचं नसतं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पाण्याचे थेंब सोडायचे, टक लावून बघायचं आणि मगच तोंडात पाणी घालायचं. हल्ली हे सगळं उरकून टाकण्यावर असतं. अप्पांची पूजा दुकानाचं कुलूप शोधता शोधता व्हायची. नीलाबाई मात्र अर्धा तास हलायची नाही. ती बसली की घरातला मिक्सर बंद असायचा. गल्लीतल्या लेकी कळत्या झाल्या की आया त्यांना तिच्याकडे पाठवायच्या, "आत्याकडून शिकून घे," म्हणून. हात कसा धरायचा, डोळे कुठे ठेवायचे, मन पळालं तर त्याला परत कसं आणायचं, हे ती शिकवायची. मंजुश्रीही तिच्याकडूनच शिकली. त्या अर्ध्या तासापुरती नीलाबाई माहेरी परत आलेली बाई नसायची, घरातली सगळ्यात मोठी माणूस असायची.

नांदेडला मंजुश्री रमली. समाजशास्त्राच्या उज्वला मॅडम पुस्तक मिटूनच शिकवायच्या. तिसऱ्या वर्षी मानवशास्त्राचा पेपर आला आणि नातेसंबंधांची आकृती काढायची वेळ आली. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे दोन आडव्या रेघा, आणि लग्न मोडलं की त्यांवर एक तिरकी रेघ. मंजुश्रीने आपल्या घराची आकृती काढली. सगळं कुटुंब एका पानात मावलं. आत्याच्या गोलाशेजारी तिने तिरकी रेघ ओढली आणि पेन तिथेच थांबलं. वीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो, तिच्या या रेघेत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. पोरगी मनाची चांगली होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ती चांगली दिसणार नाही.

शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी तिने विषय घेतला, लिंगायत स्त्रिया आणि नित्यपूजा. मॅडमनी क्षेत्रकार्याचे नियम बजावून सांगितले. विचारल्याशिवाय लिहायचं नाही. संमतीपत्रावर सही घ्यायची. नाव, गाव, धंदा, ओळख पटेल असं सगळं बदलायचं. "तुम्ही चार दिवसांत निघून येता," मॅडम म्हणाल्या, "त्यांना तिथेच राहायचं असतं."

संक्रांतीच्या सुट्टीत ती उदगीरला आली. नऊ बायकांशी बोलली, दहावी बाई घरातलीच, आत्या. आत्याने संमतीपत्र डोळ्यांपासून लांब धरून बघितलं. "हे कशाला? स्कॉलरशिपचं हाय का?"

"न्हाई गं, माझ्या अभ्यासाचं हाय. तू बोलनार, मी लिहून घेनार."

"मग कुनाला दिसंल का ते?"

"तुझं नाव बदलते की. कुनाला कळनार न्हाई."

आत्याला गंमत वाटली. "काय ठेवलीस नाव?"

"पार्वती."

"बरं हाय," आत्या म्हणाली आणि एकेक अक्षर कोरून सही केली. सहीत मात्र तिचं खरं नाव आलं.

दुपारी ती शेंगदाणे भाजत बसली होती. मंजुश्रीने फोन रेकॉर्डिंगला लावून पाटावर ठेवला होता. पूजा कधीपासून, किती वेळ, कोणी शिकवलं, असे प्रश्न चालले होते आणि आत्या खुशीत होती. आजवर तिला कोणी काही विचारलं नव्हतं आणि आता एक शिकलेली पोरगी तिचा शब्द न् शब्द झेलत होती. मग मंजुश्रीने विचारलं, "आत्या, पूजेला बसलीस की तुला हातावर काय दिसतं?"

आत्याचा उलथनं धरलेला हात थांबला. तिने दाराकडे बघितलं. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती.

"ते बंद कर," फोनकडे बोट करून ती म्हणाली.

मंजुश्रीने फोन बंद केला. आत्याने कढई उतरवली आणि शेंगदाण्यांकडे बघत बोलायला लागली.

"त्या दिशी ह्यांना सकाळची गाडी धरायची होती. मी पूजेला बसलेली. भाकर टाक म्हनले. हातावर देव असताना कसं उठावं? दोनदा हाक मारली, उठले न्हाई. तिसऱ्यांदा ह्येच आत आले, दोरा तोडला, आन् हातावरचं उचलून भिरकावलं. सरळ आडात."

"मग?"

"मग काय. भाकर टाकली."

बाहेरून एक भंगारवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"तीन दिस आडापाशी घुटमळले. कुनाला उतरवायचं म्हनलं तर काय पडलं ते सांगावं लागलं असतं. तीन दिस घास उतरला न्हाई. चवथ्या दिशी आडाच्या कडंला एक काळा गोटा घावला, सुपारीएवढा. धुतला, इभूत लावली, डबीत घातला. दोरा नवा ववला."

"म्हंजे आता तुझ्या गळ्यात..."

"हाव. तोच." तिने पदराआडून चांदीची डबी चाचपली. "तुझ्या आज्जाला कसं सांगावं? ते म्हनायचे, लिंग गेलं की मानूस गेलं. नवऱ्याचं घर गेलं ते कळलं त्यांना. हे कळलं असतं तर खचले असते. पयलं वरीस वाटायचं, आपुन देवाला फसवायलोत. मग म्हनलं, रोज हातावर घेते, रोज डोळे लावून बघते, येवढ्या वर्सांत आला असंल की त्याच्यात." मग पदर नीट करत ती म्हणाली, "तुला म्हनून सांगितलं."

मंजुश्रीने आत्याचा हात धरला. तिला रडू आलं आणि ते खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी नांदेडच्या गाडीत बसल्यावर वाटेतलं लोहा येईपर्यंत तिने वहीची सहा पानं भरली. बंद कर म्हणाली ते फोनला, लिहू नको असं काही म्हणाली नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. सही तर होतीच. इथे तिची बाजू घेण्यात काही अर्थ नाही. आत्या कोणाला सांगत होती आणि वही कोणाची होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्या हाती आलंय ते किती मोठं आहे, हेही तिला कळलं होतं, आणि त्या कळण्याने ती भारावून गेली होती.

प्रकल्प वाचून उज्वला मॅडमनी तिला बोलावून घेतलं. शेवटचं प्रकरण उघडून त्यांनी विचारलं, "हे लिहायला त्यांनी परवानगी दिली?"

"हो मॅडम. सही आहे."

"वाचून दाखवलंस त्यांना?"

"हो," मंजुश्री म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. तीन वर्षांत त्यांना असं करताना कोणी पाहिलं नव्हतं. लातूरला विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा होती, तिथे त्यांनी मंजुश्रीचं नाव पाठवलं.

तिने सगळं नीट बदललं होतं. नीलाबाईची पार्वतीबाई केली होती, उदगीरचं 'तालुक्याचं एक गाव', भांड्यांच्या दुकानाचं कापडाचं. फक्त पहिल्या पानावरच्या तक्त्यात एक रकाना होता, गुरुमठ. तिथे तिने चिक्कनवाडीचा मठ असं लिहिलं. ते बदलावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. गावाशेजारून नदी जावी तसा तो मठ तिच्या जन्माआधीपासून तिथे होता, आणि नदीचं नाव कोणी लपवत नाही. मॅडम दुसऱ्या समाजाच्या. त्यांना त्या रकान्यात नुसती माहिती दिसली. पण लिंगायताला मठ सांगितला की पत्ता सांगितल्यासारखंच असतं. चिक्कनवाडीच्या मठाची शिष्यघरं उदगीरात अकरा. त्या अकरांत नवऱ्याकडून परत आलेली लेक एक.

लातूरला तिने प्रकल्पाचं पोस्टर लावलं, वर तोच तक्ता आणि खाली चौकटीत पार्वतीबाईची गोष्ट. तिला दुसरं बक्षीस मिळालं. तिथेच आरती नावाची एक मुलगी भेटली, लातूरचीच, फार्मसी करणारी. पोस्टर वाचता वाचता ती एकदम खूश झाली, "अय्या, हा तर माझ्या आजोळचा मठ!" तिने पोस्टरशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि आजोळच्या ग्रुपवर टाकला. आपल्या मठाचं नाव संशोधनात आलं, एवढंच तिला सांगायचं होतं. तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. उदगीरातल्या कोणीतरी तो फोटो बोटांनी मोठा करून खालची चौकट वाचली, आणि संध्याकाळपर्यंत अकराही घरांत ती वाचून झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन आला. "घरी ये," एवढंच म्हणाले. बक्षिसाचं नाव काढलं नाही.

मंजुश्री पोचली तेव्हा घरात माणसं होती पण आवाज नव्हता. आईने सांगितलं ते असं. सोमवारच्या भजनाला आत्या नेहमीसारखी गेली, तर बायका गप्प झाल्या आणि सगळ्यांची नजर तिच्या गळ्याकडे. समोरच्या तनुजाची आई तोंडावरच म्हणाली, "बिनलिंगाची बाई, आन् आमच्या लेकींना पूजा शिकवायली?" आत्याला आधी काही समजलंच नाही. मग कोणीतरी मोबाईल पुढे केला. तिने चौकट वाचली. पार्वती हे नाव वाचल्यावर तिला कळलं. उठली, घरी आली आणि तेव्हापासून आंघोळ करून नुसती बसून राहते, हातावर काही घेत नाही. त्यामुळे पाणीही पीत नाही. दोन दिवस झाले होते.

अप्पा दुकान बंद ठेवून ओसरीत बसले होते. "अक्का मला बी बोलली न्हाई गं," ते म्हणाले. "सोळा वर्सांचा होतो मी, तवा. तिला आनायला गाडीसंगं गेलतो. वाटंभर माझ्या शेजारी बसून आली. येक शब्द न्हाई." पोरीवर ओरडायचं ठरवून त्यांनी तिला बोलावलं होतं, पण ओरडायचं राहून गेलं.

दुपारी मठातून विरूपाक्ष स्वामी आले. सत्तरीचे, साधे, दमेकरी. कोणाला दोष द्यायला ते आलेच नव्हते. नीलाबाईसमोर पाटावर टेकले आणि म्हणाले, "माय, हरवतं की. मागच्या साली येका पोराचं बसमध्ये हरवलं, चौथ्या दिशी दुसरं बांधलं. कळवायचं फकस्त. अर्ध्या तासाचं काम हाय."

अर्ध्या तासाचं काम. मंजुश्री दाराआड उभी होती. तिला वाटलं, आत्या आता तरी रडेल, किंवा हसेल. अठ्ठावीस वर्षं जे ओझं वाहिलं, ते एका निरोपाने उतरलं असतं. आत्याने स्वामींकडे नुसतं बघितलं. "अर्धा तास?" ती म्हणाली.

"हाव माय. आनलंय मी संगं."

विधी झाला. विभूती, पाणी, कानात मंत्र. स्वामींनी नवं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. डबीतला गोटा तिने उजव्या मुठीत धरला होता. इतक्या वर्षांच्या पाण्याने आणि बोटांनी तो काचेसारखा गुळगुळीत झाला होता. तिने मूठ उघडून स्वामींना विचारलं, "आन् ह्येला कुठं ठेवू?"

स्वामींनी तो बघितला. त्यांचा स्वर अगदी मायेचा होता. "गोटाच हाय की तो, माय. टाका कुठंबी."

नीलाबाईने मान हलवली. उठून मागच्या अंगणात गेली, तुळशीपाशी थांबली, तिथून कण्हेरीपाशी गेली, मग नळापाशी. कुठे टाकावा ते तिला ठरवता येईना. घरातले सगळे आतून बघत होते आणि कोणीही बाहेर जाऊन तिच्या हातातून तो घेऊ शकलं नाही. शेवटी भिंतीच्या कडेला वाकून तिने तो मातीवर ठेवला. टाकला नाही, ठेवला. आत आली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पाणी प्याली.

लोक हळूहळू निवळले. अकरांपैकी चार घरच्या बायका पुन्हा बोलायला लागल्या, तनुजाच्या आईने तर सणाला ताट पाठवलं. पण पूजा शिकायला पुन्हा कोणी आलं नाही. नीलाबाईची पूजाही आता पाच मिनिटांत उरकते.

मंजुश्रीने नांदेडला जाऊन मॅडमना सगळं खरं सांगितलं. वाचून दाखवलं नव्हतं, हेही. मॅडमनी ते प्रकरण प्रकल्पातून काढायला लावलं, मार्क कापले, आणि म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मला मठ विचारायला हवा होता." मॅडमनी चूक वाटून घेतली म्हणून मंजुश्रीची कमी झाली नाही. परीक्षा दिली, पास झाली, मेच्या उन्हात घरी आली.

आत्या तिच्याशी बोलत नव्हती असं नाही. जेवलीस का, पंखा लाव, गाडीत जागा घावली का, सगळं विचारायची. मंजुश्रीने काही विचारलं की मात्र जनगणनेला आलेल्या मास्तरला द्यावी तशी उत्तरं यायची. हाव. न्हाई. बरं हाय. एकदा भाकऱ्या थापताना मंजुश्री तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आत्या, मला शिव्या दे, मार, पर अशी नको राहू."

"शिव्या कशाला देऊ?" आत्याने भाकरी तव्यावर टाकून पाणी फिरवलं. "शिकलीस की तू. मीच पाठविली तुला शिकायला." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मंजुश्रीला त्याला धरून काही बोलता आलं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी शेजारची सिंधुकाकू मागच्या अंगणात निवडायला मेथी घेऊन आली होती. मंजुश्री आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. दार उघडं होतं. बाहेर आत्या बोलत होती, आणि किती महिन्यांनी तो जुना, सलग, न थांबणारा आवाज ऐकू येत होता.

"...नवं हाय, चांगलं हाय, सोवळ्यातलं हाय. पर हातावर घेतलं की वळख लागंना बघ, सिंधू. मी आपली बघायली, आन् तिकडून कुनी बघंना. त्यो जुना कसा..."

मंजुश्रीच्या हातातली घडी सुटली. ती नकळत दाराशी आली. आत्याने मान वर केली, तिला पाहिलं आणि वाक्य तिथेच गिळलं. मेथीची जुडी हातात घेतली.

"काय न्हाई गं," ती म्हणाली, "भाजीचं बोलायलोत."

मंजुश्रीने बरं म्हटलं. आत आली, आणि बाहेरचं बोलणं पुन्हा सुरू व्हावं म्हणून तिने आतून दार लावून घेतलं.